नामनिर्देशन

झाशी रोडच्या कचेरीत, निधी शाखेत,
खिडकीपासून माझं टेबल तिसरं.
सतरा वर्षं इथं मी लोकांची शेवटची बेरीज करते:
जमा, अधिक व्याज, वजा उचल.
ज्या निधीचे हिशेब ठेवते
त्यात माझं स्वतःचं खातं नाही.
मी उशिरा लागले, नव्या पेन्शनवाली.

मार्चअखेरीला आमचे राजावत गेले.
ड्रॉवरमध्ये गजकची अर्धी पुडी राहिली.
सामूहिक विम्याचे मिळाले साठ हजार
आणि त्यांची बायको दोनदा विचारून गेली,
की हा पहिला हप्ता ना?
दरमहा साठ रुपये माझेही कापले जातात.
पगारपत्रकात ते असतात
पंख्याच्या आवाजासारखे, असून नसल्यागत.

त्या रात्री श्रीरंगला म्हटलं, विमा बघू या.

बघू या म्हटलं की स्थळं येतात.
पहिलं घेऊन आले विद्याधर भावजी,
सोबत कॅलेंडर, पेन आणि बोनसचा तक्ता.
"वहिनी, गेलात तरी फायदा, राहिलात तरी फायदा."
वीस वर्षांनी हाती येणारा आकडा
त्यांनी दोनदा अधोरेखित केला.
मी त्यातून महागाई वजा केली, पेन्सिलीनं, हळूच.
पाहुण्यासमोर बरं दिसत नाही.

दुसरं श्रीरंगनं मोबाइलवर दाखवलं, टर्म.
हप्ता थोडा, रक्कम कोटीची.
सासूबाईंनी चष्मा लावला.
"आणि जगलीस तर?"
काही नाही मिळत.
"म्हणजे जगलीस तर पैसे बुडाले?"
हो आई. जगले तर बुडाले.
त्या बराच वेळ मटार सोलत राहिल्या.
मग म्हणाल्या, "बुडू देत."

तरी शनिवारी बाड्यावर गेले, मोठ्या पोस्टात.
टपाल विम्याच्या खिडकीवर नावं लिहिलेली:
सुरक्षा, संतोष, सुविधा, सुमंगल.
चार बहिणी एका घरात दिल्यासारख्या.
"मैडम, कौन-सी?" कुशवाहांनी विचारलं.
मागे रांग होती. संतोष, म्हटलं, छोटीशी.
उच्चारताना जरा ओशाळले.

हिशेब मी जुन्या खतावणीच्या पाठकोऱ्या पानावर केला.
थाटीपूरच्या फ्लॅटचे एकोणीस लाख,
गार्गीचं कॉलेज अजून पाच वर्षांवर,
श्रीरंगचा क्लास, जो उन्हाळ्यात कमावतो आणि पावसात खातो,
माझी नोकरी उरली अठरा वर्षं.
खरा प्रश्न एवढाच, की मी नसले
तर किती मी लागेन?
उत्तर आलं. दोनदा तपासलं. फरक निघाला सोळा रुपयांचा,
तो सोडून दिला, आयुष्यात पहिल्यांदा.

मग सोमवारी, सहज म्हणून,
आस्थापनेतून स्वतःची सेवापुस्तिका मागवली.
सामूहिक विमा, नामनिर्देशन.
निळी शाई, माझंच अक्षर, पंचविशीतलं, गोल गोल:
दिनकर विष्णू हर्डीकर.
नातं, वडील. हिस्सा, शंभर टक्के.

नऊ वर्षं झाली बाबांना.
आणि मी, जी दुसऱ्यांच्या फायली
याच एका कारणानं परत धाडते,
"नॉमिनी मयत, वारस दाखला जोडावा",
ठसासुद्धा बनवून घेतलाय त्याचा,
मी त्या पानावर बोट ठेवून बसले.
पहिल्या नोकरीचा पहिला कागद.
तेव्हा मला दुसरं नावच सुचलं नव्हतं.

खाडाखोड चालत नाही. नवा अर्ज भरायचा.
श्रीरंग पन्नास, गार्गी पन्नास,
ती सज्ञान होईतो पालक, श्रीरंग.
साक्षीदार दोन, शेजारच्या टेबलांवरचे.
जुन्या पानाच्या डोक्यावर लिहिलं: रद्द, नवीन सोबत.
आडवी रेघ मारायला हवी होती. नाही मारली.
लेखापरीक्षणात कुणी काढलंच
तर खुलासा देईन.

चहा आला. थंड झाला.
दतियाच्या एका मास्तरांची फाइल पुढे ओढली.
नॉमिनी, आई.
जन्मसाल, एकोणीसशे एकतीस.
ठसा शाईत बुडवला,
आणि तसाच हातात धरून बसले.